पडदा उजळला, शेवटचा बाक उजळला का?

महाराष्ट्रातील गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवर आज 'डिजिटल शाळा' ही अक्षरे रंगवलेली दिसतात. कुठे प्रोजेक्टर आला, कुठे मोठा टीव्ही आला, कुठे लोकवर्गणीतून टॅब घेतले गेले. पुढारी येतात, फीत कापतात, फोटो छापून येतो आणि शाळा डिजिटल झाल्याचे जाहीर होते. वस्तीतील आईबापही हरखून जातात. खासगी इंग्रजी शाळेत असते ते आता आपल्या पोरांनाही मिळाले, असे त्यांना वाटते.

आम्ही या साधनांच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. गरिबाच्या मुलाला पाटी-पेन्सिल पुरेशी आहे, असे सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे आणि कशावर शिकतात, हे आम्ही चांगले ओळखून आहोत. जगातील उत्तमातील उत्तम साधन आमच्या मुलांच्या वर्गात आलेच पाहिजे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. साधन आल्यावर वर्गात नेमके कोण शिकते? पहिल्या बाकावरचे की शेवटच्या बाकावरचे?

एके काळी फळा हेच वर्गातील मोठे साधन होते. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असतानाचा प्रसंग चळवळीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. शिक्षकांनी गणित सोडवायला त्यांना फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्याला हात लावण्याआधी ते डबे हलवण्यासाठी मुलांची एकच धावपळ उडाली. फळा सरकारी होता आणि तो सर्वांसाठी होता. पण साधन वर्गात असणे वेगळे आणि आपल्या मुलाचा हात त्या साधनापर्यंत पोहोचणे वेगळे. हाच धडा आज पडद्यालाही लागू आहे.

पुढे १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी इमारती किंवा साहित्य मोजले नाही. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. मोजमाप कशाचे करायचे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. आज सरकार संच मोजते. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस अहवालानुसार २०२३-२४ साली देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. म्हणजे जवळजवळ निम्म्या शाळांत तेही नव्हते. आणि जेथे होते तेथे त्यावर किती मुले काय शिकली, याचे उत्तर या आकड्यांत नाही.

केवळ यंत्र वाटून काय होते, याचा दाखला दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने दिला आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेखाली तेथे लाखो लॅपटॉप वाटले गेले, तेही बहुतांशी गरीब ग्रामीण भागात. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून संशोधकांनी २०१२ साली अहवाल मांडला. लॅपटॉपमुळे गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मुले लॅपटॉप हाताळायला शिकली, पण शिकवण्याची पद्धत जुनीच राहिली. शिक्षकांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, बऱ्याच शाळांत इंटरनेट नव्हते. यंत्र आले, शिक्षण जागच्या जागी राहिले.

याच्या उलट दाखला आपल्याच देशात, दिल्लीत आहे. तेथे २०१५ साली सहावी ते नववीच्या ६१९ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह आणि अलेहांद्रो गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी तो २०१९ साली प्रसिद्ध केला. ही मुले शाळेच्या वेळेबाहेर एका केंद्रात जात. तेथे ४५ मिनिटे 'माइंडस्पार्क' या संगणक कार्यक्रमावर काम आणि ४५ मिनिटे लहान गटात साहाय्यकाकडून शिकवणी असे. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात आणि हिंदीत चांगलीच आघाडी घेतली.

हे कसे घडले, ते समजून घेतले पाहिजे. अभ्यासातील सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. म्हणजे पुस्तक सहावीचे, शिक्षक सहावीचे शिकवतात आणि मूल मात्र तिसरी-चौथीच्या हिशेबात अडकलेले. सहावीच्या धड्याचा रंगीत चित्रपट दाखवला तरी त्या मुलाच्या पदरात काय पडणार? माइंडस्पार्कने आधी मुलाला प्रश्न विचारले, ते नेमके कोठे अडले आहे हे शोधले आणि तेथून शिकवायला सुरुवात केली. मूल चुकले तर चूक कोणत्या प्रकारची आहे हे पाहून पुढचा प्रश्न दिला. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती प्रत्येक आईबापाने ऐकली पाहिजे. केंद्रात न गेलेल्या मुलांपैकी अभ्यासात सर्वांत मागे असलेली मुले शाळेत जवळजवळ काहीच पुढे सरकली नव्हती. रोज शाळेत जायचे, हजेरी लावायची, डबा खायचा आणि काही न शिकता घरी यायचे. ही मुले कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आम्ही सांगायला हवे काय?

तेव्हा पहिली कसोटी ही की, साधनाने मुलाची पातळी शोधली पाहिजे. दुसरी कसोटी ही की, साधनाने प्रत्येक मुलाला उत्तर देण्याची संधी दिली पाहिजे. आपल्या वर्गांत गुरुजी प्रश्न विचारतात, पुढचे चार हात वर होतात, त्यातला एक उत्तर देतो आणि वर्गाला समजले असे धरून धडा पुढे सरकतो. मागचे मूल चुकण्याच्या भीतीने, हसे होण्याच्या भीतीने गप्प राहते. त्याचे आडनाव घेऊन त्याला टोमणा बसलेला असेल तर ते अधिकच गप्प होते.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून यावर एक साधी पद्धत वापरली. शिक्षक एक प्रश्न आणि त्याचे पर्याय देतो. प्रत्येक विद्यार्थी आपापले उत्तर नोंदवतो. मग शेजाऱ्याशी चर्चा करून, आपले उत्तर त्याला पटवून देऊन, पुन्हा उत्तर नोंदवतो. त्यानंतर शिक्षक समजावतो. उत्तर नोंदवायला तेथे हातात धरायची छोटी यंत्रे वापरात आली. पण यंत्राऐवजी अक्षरे लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डे वापरली तर शिक्षण कमी होते का, हे कॅनडातील एका महाविद्यालयात तपासले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. गुण पद्धतीत होता. यंत्राचा फायदा एवढाच की, उत्तरांची मोजदाद शिक्षकाला ताबडतोब मिळते.

तो फायदाही आता एका मोबाइलवर मिळू शकतो. 'प्लिकर्स' नावाची छापील कार्डे असतात. प्रत्येक मुलाच्या कार्डावर वेगळी काळी-पांढरी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना चार पर्याय असतात. मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरते. शिक्षक आपला मोबाइल वर्गावरून फिरवतो आणि कोणाचे उत्तर काय, हे त्याला दिसते. अक्षरे बारीक असल्याने शेजाऱ्याला चटकन कळत नाही, म्हणून नक्कल होत नाही आणि चुकलेल्याची फजितीही होत नाही. मुलांना मोबाइल लागत नाही, टॅब लागत नाही. वर्गातील चाळीसपैकी पंचवीस मुलांचे उत्तर चुकले, हे शिक्षकाला त्याच क्षणी कळते आणि धडा पुढे रेटण्याची सबब उरत नाही. लाखो रुपयांच्या पडद्यापेक्षा हे साधन आम्हाला अधिक लोकशाहीचे वाटते.

तिसरी कसोटी भाषेची. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकातील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले. कोड मोबाइलने टिपला की कविता ऐकू येते, पाठ दिसतो. पण कोडच्या आधी त्यांनी काय केले, हे कमी लोक सांगतात. तेथील अनेक मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. ती भाषा ते शिकले आणि मुलांना समजेल असे पाठ तयार केले. आमच्या कैकाडी, पारधी, गोंड, भिल्ल, कोरकू मुलांच्या घरच्या बोलीचे काय? त्यांच्या पडद्यावर शहरी मराठी बोलणारी चित्रे नाचत असतील, तर पडदा रंगीत असूनही मुलासाठी मुकाच राहणार.

चौथी गोष्ट घराची. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि सारे शिक्षण एका रात्रीत मोबाइलवर गेले. तेव्हा आपली स्थिती काय होती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ साली ग्रामीण भागातील शंभरपैकी सुमारे पंधरा घरांतच इंटरनेटची सोय होती आणि संगणक तर शंभरात चार घरांत होता. एका मोबाइलवर तीन भावंडे आणि तोच मोबाइल बापाबरोबर कामावर जाणार, असे चित्र वस्तीवस्तीत होते. न्यायालयांनाही याची दखल घ्यावी लागली. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ सालीच इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या हक्काशी जोडला होता. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्बल घटकांतील मुलांना ऑनलाइन शिक्षणासाठी साधने आणि इंटरनेट द्या, असा आदेश शाळांना दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मात्र ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने या डिजिटल दरीचे परिणाम गंभीर असल्याचे नोंदवून सरकारला योजना आखायला सांगितले. आता मोबाइल बऱ्याच घरांत आले, तरी शिकणे वर्गातच पूर्ण झाले पाहिजे, हा आमचा आग्रह कायम आहे. 'उरलेला व्हिडिओ घरी पाहा' असे सांगणारी शाळा आपली जबाबदारी मजुराच्या रिचार्जवर ढकलते.

आणि एक धोका आम्हाला स्पष्ट दिसतो. पडदा आला म्हणून शिक्षक कमी केले तरी चालतील, असा विचार मूळ धरू शकतो. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा प्रस्ताव आपल्या राज्यात पुढे आला होता, हे विसरू नका. वाडी-तांड्यावरची शाळा गेली की मुलीचे शिक्षण आधी थांबते. दिल्लीच्या केंद्रातही निम्मा वेळ माणूस शिकवत होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कायदा आपल्या बाजूला आहे. तो वापरायचा कोणी, एवढाच प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २४ सांगते की, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्याला गरजेनुसार जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २९ सांगते की, मूल भयमुक्त असावे, त्याला मोकळेपणाने मत मांडता यावे आणि शक्यतो मातृभाषेत शिकता यावे. वर सांगितलेल्या पहिल्या तीन कसोट्या कायद्याच्याच आहेत. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समितीच तयार करते. पण किती वस्त्यांतील आयाबाया या समितीच्या बैठकीत बोलतात? अनेकींना आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नसते. सही तेवढी घरी येऊन घेतली जाते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. आपल्या शाळेचा प्रोजेक्टर चालतो की कपाटात कुलूपबंद आहे, ते जाऊन पाहा. माहिती मिळत नसेल तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. किती संच आले, कोणत्या निधीतून आले, आज किती चालू आहेत, दुरुस्ती कोणाकडे आहे, वीजबिल किती थकले आहे, हे लेखी मागा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ते उत्तर घेऊन समितीच्या बैठकीत बसा.

दुसरे काम आपल्या हातातले आहे. जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांवर उधळल्या जाणाऱ्या पैशांतला थोडा भाग वाचवला तर विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग उभा राहतो. समाजात आज संगणक अभियंते आहेत, शिक्षक आहेत, बँकेतले नोकरदार आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी द्याव्यात. आधी प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कोठपर्यंत वाचता येते ते पाहावे, वजाबाकी आणि भागाकार देऊन पाहावा. मग इयत्ता विसरून त्या पातळीप्रमाणे गट करावेत. एक मोबाइल आणि छापील कार्डे एवढ्यावर हा वर्ग सुरू होऊ शकतो.

आणि आईबापांनो, तुम्ही अक्षरशत्रू असलात तरी एक तपासणी तुम्हालाही रोज करता येते. मूल शाळेतून आले की 'आज पडद्यावर काय पाहिलेस?' असे विचारू नका. 'आज तू वर्गात कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिलेस, आणि चुकल्यावर गुरुजींनी काय सांगितले?' हे विचारा. आठवडाभर मुलाकडे उत्तर नसेल, तर दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी शाळेच्या दारात उभे राहा.