बाळंतपणासाठी परदेशातील जोडीदाराकडे जाताना : योग्य व्हिसा कसा निवडावा?

संत लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो की, सम्राट औगुस्त याच्या फर्मानानुसार नावनोंदणीसाठी संत जोसेफला गर्भवती मरियेसह नाझरेथहून बेथलेहेमला जावे लागले. बाळाच्या जन्माची घटका आणि सरकारदरबारच्या नोंदीची घटका एकाच वेळी येणे, हा अनुभव ख्रिस्ती कुटुंबाला नवा नाही. आज वसई धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांत पती किंवा पत्नी नोकरीनिमित्त आखाती देशांत, इंग्लंडमध्ये वा अमेरिकेत असते. घरात गोड बातमी आली की आनंदापाठोपाठ प्रश्न उभा राहतो : प्रसूतीच्या वेळी एकत्र राहायचे तर कोणता व्हिसा काढावा?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात सांगता येईल. व्हिसा आपल्या खऱ्या हेतूशी आणि मुक्कामाच्या खऱ्या कालावधीशी जुळणारा असावा. जो लवकर मिळतो तो चांगला, हा समज कुटुंबाला महागात पडू शकतो.

भेट की सहवास?

अर्ज भरण्यापूर्वी पतिपत्नींनी तीन गोष्टी निश्चित कराव्यात. परदेशातील जोडीदाराचा तेथील दर्जा कोणता : नोकरीच्या व्हिसावर, विद्यार्थी, कायम रहिवासी की नागरिक? जाणारी व्यक्ती काही आठवडे राहून परतणार आहे की तेथेच संसार मांडणार आहे? आणि प्रसूती तेथे होणार आहे की येथे? पहिल्या प्रकाराला अभ्यागत व्हिसा असतो, दुसऱ्याला आश्रित व्हिसा. बहुतेक अडचणी या दोहोंची गल्लत केल्यामुळे उद्भवतात.

अमेरिका

पत्नी एच-१बी व्हिसावर अमेरिकेत नोकरी करीत असेल, तर पतीसमोर दोन मार्ग असतात : बी-२ हा अभ्यागत व्हिसा आणि एच-४ हा आश्रित व्हिसा. बी-२ मागणाऱ्याला आपण निश्चित परत येणार हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. येथील नोकरी, घर, जमीन, वृद्ध आईवडिलांची जबाबदारी हे त्याचे पुरावे. पत्नी तेथे आणि बाळही तेथेच जन्मणार, अशा स्थितीत हे पटवणे कठीण जाऊ शकते. एच-४ साठी परतण्याचा असा पुरावा द्यावा लागत नाही. पत्नीचा वैध दर्जा आणि वैध विवाह सिद्ध करणे हा त्याचा पाया आहे. शिवाय एच-४ वरील मुक्कामाची मुदत सामान्यतः पत्नीच्या मुदतीइतकी असते. प्रसूतीनंतर प्रकृतीची गुंतागुंत उद्भवली तर पतीला घाईने परतावे लागत नाही. मात्र एच-४ वर सरसकट नोकरी करता येत नाही. पत्नीच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचली असेल तरच वेगळा परवाना मागता येतो.

ज्या पतीला येथून महिनाभराचीच रजा आहे आणि ज्याच्याकडे वैध बी-२ व्हिसा आधीच आहे, त्याला तो पुरेसा आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पासपोर्टवरील व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम दहा वर्षांचा नसतो. विमानतळावरील अधिकारी मुक्कामाची मुदत ठरवतो. बी-२ वर ती सामान्यतः सहा महिने असते.

पती अमेरिकेत आणि गर्भवती पत्नी येथे असेल, तर बी-२ चा विचार अधिक जपून करावा. केवळ मुलाला नागरिकत्व मिळावे या मुख्य हेतूने प्रसूतीसाठी येणाऱ्यांना हा व्हिसा नाकारण्याचा नियम जानेवारी २०२० पासून लागू आहे. पती एच-१बी वर असेल तर पत्नीसाठी एच-४ हाच सरळ मार्ग होय.

इंग्लंड

इंग्लंडमधील अभ्यागत व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. प्रवासाच्या तीन महिन्यांहून अधिक आधी त्याचा अर्ज करता येत नाही आणि तेथे गेल्यावर तो आश्रित व्हिसात बदलूनही मिळत नाही. म्हणून पत्नी नोंदणीकृत परिचारिका असेल आणि पतीला तिच्याबरोबर दीर्घकाळ राहायचे असेल, तर भारतातूनच आश्रित व्हिसा काढून जावे. त्यावर नोकरीही करता येते. वृद्धांची व रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या ‘केअर वर्कर’चे तसे नाही. ११ मार्च २०२४ नंतर या मार्गाने गेलेल्यांना जोडीदाराला आश्रित म्हणून नेता येत नाही. त्यांच्या जोडीदाराला भेटीचाच व्हिसा उरतो. अशा कुटुंबांनी प्रसूती कोठे करावी याचा निर्णय आरंभीच घ्यावा.

अभ्यागत म्हणून गेलेल्या गर्भवतीला तेथील सरकारी रुग्णालयात प्रसूतीसेवा नाकारली जात नाही, परंतु तिचे बिल दीडपट दराने आकारले जाते, हेही ठाऊक असावे.

आखाती देश

संयुक्त अरब अमिरातीत नोकरी करणाऱ्या पतीचे वेतन चार हजार दिरहॅम, अथवा निवासासह तीन हजार दिरहॅम असेल, तर तो पत्नीचा निवासी व्हिसा काढू शकतो. त्यापेक्षा कमी वेतन असल्यास भेटीचा अल्पमुदतीचा व्हिसा उरतो. त्यावर जाऊन तेथे प्रसूती करण्यापेक्षा येथे बाळंतपण करून पतीने रजा घेऊन येणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. निवासी व्हिसावरील पत्नी त्यासाठी वसईला आली आणि सलग १८० दिवसांहून अधिक काळ राहिली, तर तिचा निवासी व्हिसा सामान्यतः रद्द होतो. सातव्या महिन्यात येऊन बाळ चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत राहणाऱ्या मातांनी दिवसांचा हिशेब आधीच मांडावा.

कागदपत्रे आणि वेळ

विवाहाचा दाखला हा सर्व अर्जांचा आधार आहे. चर्चमधील विवाहाच्या दाखल्याबरोबर शासकीय विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे. दाखला मागणाऱ्या देशासाठी तो परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. अमिरातीसाठी त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. आमच्या भागात एकाच घरात लोपिस आणि लोपेस, डिसोजा आणि डिसोझा अशी आडनावे आढळतात. चर्चच्या नोंदवहीतील, विवाह प्रमाणपत्रातील आणि पासपोर्टमधील स्पेलिंग पडताळून फरक असल्यास तो चौथ्या-पाचव्या महिन्यातच दुरुस्त करावा.

भेटीच्या अर्जासोबत जोडीदाराच्या पासपोर्ट व व्हिसाची प्रत, नोकरीचे पत्र, प्रसूतीची अपेक्षित तारीख दर्शविणारे डॉक्टरांचे पत्र आणि येथील कार्यालयाने दिलेले रजेचे पत्र जोडावे. बाळ तारीख पाहून येत नाही. म्हणून प्रवासाच्या तारखांना दोन्ही बाजूंनी सवड ठेवावी. गर्भवती स्वतः प्रवास करणार असेल तर बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर घेत नाहीत.

काही दलाल ‘प्रसूतीचे नाव काढू नका, पर्यटन लिहा’ असा सल्ला देतात. तो मानू नये. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास इंग्लंडचे दार दहा वर्षे आणि अमेरिकेचे कायमचे बंद होऊ शकते. पत्नीच्या प्रसूतीसमयी तिच्याजवळ असावे, हा हेतू लपवण्यासारखा नाही.

बाळ जन्मल्यावर

इंग्लंडमध्ये जन्मलेले मूल आईवडिलांपैकी कोणी ब्रिटिश नागरिक वा कायम रहिवासी असेल तरच जन्मतः ब्रिटिश ठरते. भारतीय आईवडिलांनी परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी. बाळाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नसल्याचे त्यांना लिहून द्यावे लागते. अमिरातीत बाळाचा निवासी व्हिसा १२० दिवसांत न काढल्यास प्रत्येक दिवसाचा दंड पडतो.

बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत व्हावा, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. वडिलांच्या मुक्कामातच तो व्हावा असे वाटत असेल, तर तेथील धर्मगुरूंशी जन्मापूर्वीच बोलावे. बाप्तिस्म्याची नोंद त्याच चर्चमध्ये राहते. म्हणून दाखल्याच्या प्रती घेऊनच परतावे.

१९८३ साली परमपवित्र धर्मासनाने प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत स्थलांतरित कामगारांना आपले कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र आलेले पाहण्याचा हक्क आहे, असे म्हटले आहे. देशोदेशीचे कायदे नेहमीच या हक्काला अनुकूल नसतात आणि ते वारंवार बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशी संबंधित देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरील नियम वाचावेत. योग्य वेळी, योग्य नावाने आणि सत्य सांगून केलेला अर्ज हीसुद्धा येणाऱ्या बाळाची घेतलेली काळजीच आहे. नाझरेथचे पवित्र कुटुंब दूरदेशी प्रतीक्षा करणाऱ्या आपल्या सर्व मातापित्यांना सांभाळो.