मध्येच थांबवता न येणारा खेळ

बुद्धिबळाचा डाव अर्धवट ठेवून जेवायला उठता येते. सोंगट्या आपल्या जागी राहतात. परत येऊन पुढची चाल करता येते. भिवंडीतल्या यंत्रमागावरसुद्धा बाण्याचा धागा तुटला की माग थांबवतात, धागा जोडतात आणि विणकाम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते. मग मोबाइलवर मित्रांबरोबर खेळणारे मूल हाक मारल्यावर लगेच का उठत नाही? ‘हट्टीपणा’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे.

प्रश्न क्षुल्लकही नाही. जून २०१९ मध्ये भिवंडीत ‘पब्जी’ खेळण्यावरून रागावलेल्या थोरल्या भावाचा एका अल्पवयीन मुलाने जीव घेतल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एका घटनेवरून ‘खेळामुळे हिंसा होते’ असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरणार नाही. त्या काळात देशात कोट्यवधी लोक हाच खेळ खेळत होते. परंतु खेळ थांबवण्यावरून होणारी वादावादी अनेक घरांत रोजची आहे. तिच्यामागची कारणे समजली, तर निदान वाद कशावर घालायचा हे तरी कळेल.

खेळ नेमका असतो कुठे?

मूल एकटेच खेळते तो खेळ त्याच्या मोबाइलमध्ये असतो आणि म्हणून थांबवता येतो. अनेकांनी मिळून खेळायचा खेळ मात्र दूरच्या एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर चालू असतो. पब्जीसारख्या खेळाच्या एका डावात १०० पर्यंत खेळाडू असतात. प्रत्येकाचा मोबाइल ‘मी इतका पुढे सरकलो, इकडे वळलो’ एवढेच सर्व्हरला कळवतो. सर्व्हर सगळ्यांचा मेळ घालतो आणि झालेली स्थिती प्रत्येकाला परत पाठवतो. हे सेकंदाला अनेक वेळा घडते. मोबाइल ही त्या सामाईक जगाकडे पाहण्याची केवळ खिडकी आहे. एकासाठी ते जग थांबवायचे, तर उरलेल्या ९९ जणांनाही थांबवावे लागेल. म्हणून मोबाइल खाली ठेवला, तरी त्या मुलाचे पात्र तिथे उभेच राहते आणि सहज मारले जाते.

ही कल्पना नवी नाही. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचा खेळ तयार केला. त्यात चित्रे नव्हती, फक्त शब्द होते. पण अनेकांनी एकाच वेळी वावरायचे सामाईक जग त्यात होते.

वेळेचा हिशेब

खेळणारी मुले ‘पिंग’ हा शब्द वारंवार वापरतात. आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. प्रकाशाचा निर्वात पोकळीतील वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. काचेच्या तंतूतून तो सुमारे २ लाख किलोमीटर होतो. सर्व्हर सिंगापूरला, म्हणजे अंदाजे ४,००० किलोमीटरवर असेल, तर केवळ जाण्यायेण्याला किमान ४० मिलिसेकंद लागतील. सर्व्हर मुंबईत असेल, तर भिवंडीहून हाच वेळ अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास येतो. प्रत्यक्षात पिंग याहून बराच जास्त दिसतो, कारण केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत अनेक यंत्रे संदेश पुढे ढकलतात आणि मोबाइलच्या मनोऱ्यावर गर्दी असेल तर आपला क्रम येईपर्यंत थांबावे लागते.

ही दिरंगाई लपवण्यासाठी मोबाइल अंदाज बांधतो. दुसरा खेळाडू अमुक वेगाने पळत होता, तर एवढ्या वेळात तो एवढा पुढे गेला असेल, असे धरून तो चित्र काढतो. विस्थापन म्हणजे वेग गुणिले काळ, हे वर्गात शिकवतो तेच सूत्र. तो खेळाडू मध्येच वळला, तर अंदाज चुकतो आणि नवी माहिती येताच पात्र टुणकन उडी मारून दुसरीकडे दिसते.

करून पाहा : ३० सेंटिमीटरची पट्टी एका विद्यार्थ्याने वरून उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा व बोट थोडे दूर ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर खाली येऊन पकडली गेली, तर s = ½gt² या सूत्रावरून प्रतिसादाचा काळ सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद येतो. पिंगही २०० झाला, तर ही दिरंगाई जवळजवळ दुप्पट होते. ‘नेटमुळे हरलो’ हे दर वेळी निमित्तच असते असे नाही!

चौघांचा गट

दुसरे कारण सामाजिक आहे. हे खेळ बहुधा चौघांच्या गटाने खेळतात आणि खेळताना एकमेकांशी बोलतात. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी घरे जिथे शेजारी नांदतात, त्या भिवंडीसारख्या शहरातल्या मुलाला असा गट जमवणे अवघड नाही. गटात कोणी नेतृत्व करतो, कोणी सामान पुरवतो, कोणी जखमी मित्राला उठवतो. मध्येच उठणारा मुलगा तिघांना अडचणीत टाकतो आणि उद्या त्याला खेळायला बोलावतीलच असे नाही. म्हणजे आईची हाक आणि मित्रांना दिलेला शब्द यांत त्याची ओढाताण होते. याच गटात अनोळखी माणसे आणि शिवीगाळही येऊ शकते, हे पालकांनी विसरू नये.

तिसरे कारण बक्षिसांचे. ठरावीक श्रमांनंतर मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा केव्हा मिळेल हे सांगता न येणारे बक्षीस प्राण्यांना अधिक चिकाटीने काम करायला लावते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसले. पेटीत काय निघेल हे माहीत नसणे, ‘आणखी एक डाव’ जिंकण्याची आशा, यांमागे हेच तत्त्व आहे.

मग करायचे काय?

भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी घातली ती देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन. मुलांचे आरोग्य हा तिचा आधार नव्हता. २०२१ मध्ये तोच खेळ वेगळ्या नावाने आला, २०२२ मध्ये हटवला गेला आणि २०२३ मध्ये परतला, तेव्हा १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. रोजचे ३ तास शाळकरी मुलाला परवडतात का, हे मात्र घरानेच ठरवायचे.

मर्यादा मिनिटांत न घालता डावांत घालावी. शेवटपर्यंत टिकल्यास एक डाव साधारण अर्धा तास चालतो. ‘आठ वाजता बंद’ म्हटले की आठ वाजता डाव मध्यावर असतो आणि भांडण अटळ होते. ‘दोन डाव, मग जेवण’ हे पाळणे सोपे जाते, कारण डाव संपला की गटही मोकळा होतो.

खेळ आवडणे म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची तीन लक्षणे दिली आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिकाधिक महत्त्व देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. ही सर्वसाधारणपणे १२ महिने दिसावी लागतात. अशा मुलाला रागवण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेणे आवश्यक असते.

वर्गात एक सोपी पाहणी घेता येईल. विद्यार्थ्यांनी नाव न लिहिता आठवडाभर चार रकाने भरावेत : किती डाव खेळायचे ठरवले, किती खेळले, झोपायला किती वाजले, आणि ठरवून थांबता आले नाही तर कशामुळे. शेवटचा रकाना शिक्षकांनी नीट वाचावा. तिथे ‘मित्र’ जास्त वेळा आले की ‘बक्षीस’, यावरून त्या वर्गाशी काय बोलायचे ते ठरवता येईल.