शारीरिक शिक्षणातील मापन व अध्यापन

शारीरिक शिक्षणात संशोधन करू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा एका ठरीव आराखड्याचा आश्रय घेतो. शाळेतील एक वर्ग निवडावा, त्याची चाचणी घ्यावी, काही आठवडे व्यायाम द्यावा, पुन्हा चाचणी घ्यावी, आणि आकड्यांत दिसणारी सुधारणा हे त्या व्यायामाचे फळ होय असे प्रतिपादन करावे. हा आराखडा सोयीचा खरा; परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष कितपत विश्वसनीय ठरतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शरीरक्रिया प्रत्यक्ष मोजून पाहण्याची परंपरा पुणे जिल्ह्यात जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना केली व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाच्या साहाय्याने दाखविले. बस्तिक्रियेत पाणी आत का ओढले जाते, ह्याचा उलगडा त्यामुळे झाला. केवळ परंपरेचा आधार पुरेसा न मानता त्यांनी क्रियेचे कारण शोधले, हे येथे लक्षात घ्यावयाचे.

तथापि, मापन केले म्हणजे वस्तुस्थिती कळलीच, असे नव्हे. ह्याचे बोलके उदाहरण पुण्यातीलच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन ह्यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांचे २१.२ टक्के होते. सडपातळ दिसणारे मूल निरोगीच असेल, असे केवळ ह्या निर्देशांकावरून मानणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता लोणी काळभोरसारख्या, पुणे-सोलापूर मार्गावरील व शहराच्या विस्ताराशी भिडलेल्या गावातील शाळा डोळ्यांसमोर आणू. आठवीच्या एका तुकडीस बारा आठवडे व्यायाम दिला आणि ६०० मीटर धावण्याचा सरासरी वेळ कमी झाला, असे समजा. ह्याची निदान तीन अन्य कारणे संभवतात. पहिले, ह्या वयात मुले वाढत असतात. व्यायाम न देताही त्यांची कामगिरी सुधारू शकते. दुसरे, प्रथम चाचणीत आरंभीच जोराने धावून दमलेला मुलगा दुसऱ्या वेळी बेताने धावू लागतो. येथे सुधारतो तो अनुभव, दम नव्हे. तिसरे, पहिली चाचणी दुपारच्या उन्हात व दुसरी सकाळच्या गारव्यात झाली, तर फरक हवामानाचाही असेल. म्हणून तुलनेसाठी नेहमीचाच तास असलेली तुकडी हवी आणि चाचणीची वेळ, मैदान व सूचना समान हव्यात. शिवाय, कार्यक्रम संपूर्ण तुकडीस दिला असता चाळीस मुले म्हणजे चाळीस स्वतंत्र प्रयोग ठरत नाहीत. एक शिक्षक, एक मैदान व एक वेळापत्रक ही सर्वांस समान असतात. दोनच तुकड्यांच्या तुलनेवरून व्यापक निष्कर्ष काढणे म्हणूनच अनुचित होय. शक्य तितक्या अधिक शाळांचा समावेश करावा.

ह्या सर्व काटेकोरपणाचा अध्यापनाशी निकटचा संबंध आहे. तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाचे तारुण्य सुरू झालेले असते, दुसऱ्याचे नसते. दोघांस एकाच गुणतक्त्याने मोजून सर्वांसमक्ष क्रमांक लावला, तर मागे राहिलेला मुलगा मैदान टाळण्यास शिकतो. आणि ज्यास व्यायामाची सर्वाधिक गरज, तोच व्यायामास मुकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांच्या मध्यम ते जोरदार हालचालीची शिफारस केली आहे. शाळेतील तास एवढ्याने ती पुरी होणे कठीण. शाळा सुटल्यावरही मूल आपण होऊन खेळावयास जाईल, तरच ती साधेल. तेव्हा मुलाची तुलना प्रथम त्याच्याच पूर्वीच्या कामगिरीशी करावी, त्याची नोंद त्याच्या हाती द्यावी, आणि तासातील किती मिनिटे मुले प्रत्यक्ष हालचाल करीत होती व किती मिनिटे रांगेत उभी होती, हेही घड्याळ लावून पाहावे. ह्या शेवटच्या मोजणीस घड्याळ व वही ह्यांपलीकडे साधन लागत नाही. आणि तीत परीक्षा विद्यार्थ्याची नसून शिक्षकाची होते. शारीरिक शिक्षणातील संशोधनाचा आरंभ तेथून होणे इष्ट होय.