एका वायरवर दिवा का लागत नाही?

मुलांनो, एक दीड व्होल्टचा सेल, विजेरीचा छोटा बल्ब (एलईडी नको, जुन्या पद्धतीचा) आणि टोकं सोललेली वीतभर वायर घ्या. आता बल्ब लावून दाखवा बरं!

कुंभवलीत माझ्या चौथीच्या वर्गाला हेच सांगितलं. बहुतेकांनी वायरचं एक टोक सेलच्या टोपीला लावलं, दुसरं बल्बच्या बुडाला. बल्ब ढिम्म!

“बाई, सेल संपलाय.”

सेल कोरा करकरीत होता. मग एक जण म्हणाला, “आमच्या पंख्याला तर एकच वायर जाते!”

प्रश्न बिनतोड. मी मोडक्या टेबलफॅनची काढून ठेवलेली वायर कापून दाखवली. आत निरनिराळ्या तारा! एक विजेला जायला, एक परत यायला.

आता बल्बचं बूड सेलच्या टोपीवर टेकवा. वायरचं एक टोक बल्बच्या धातूच्या कडेला, दुसरं सेलच्या तळाला. लागला ना? वीज सेलमधून निघाली, बल्बच्या बारीक तारेतून गेली, परत सेलकडे आली. हा पूर्ण फेरा म्हणजे परिपथ. फेरा तुटला की दिवा गेला. बटणही तेच करतं. (मध्ये बल्ब न ठेवता सेलची टोकं जोडू नका, वायर चटका देईल.)

“मग तारेवरच्या कावळ्याला शॉक का नाही बसत?”

त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्याच्यातून फेरा पुराच होत नाही. पण आपण उभे असतो जमिनीवर, आणि डीपीपाशी एक तार जमिनीत पुरलेली असते. म्हणजे परतीचा रस्ता आपल्या पायाखालीच! भिजलेल्या मातीत तर तो आणखी सोपा.

आमच्या भागात तारांना तोटा नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरचं, १९६९ पासूनचं. त्यात पावसाळी वारा. तार तुटून शेतात पडली, तर ती मेलेली दिसते, पण तिच्यात वीज असू शकते. काठीनेही हलवू नका. जवळ जाऊ नका, ओल्या जमिनीतूनही वीज पसरते. घरातल्या प्लगमध्येसुद्धा २३० व्होल्ट असतात, आपला प्रयोग तिथे कधीच नाही.

तुटलेली तार दिसली, की लांबूनच मोठ्यांना हाक मारा. त्यांना महावितरणच्या १९१२ नंबरवर कळवायला सांगा.