विकासाचा अभ्यास, परक्या घरी

आंतरराष्ट्रीय विकास हा विषय आज युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत शिकवला जातो. दारिद्र्य पिढ्यान् पिढ्या का टिकते, सरकारी योजना कुठे अडतात, शेती, आरोग्य, शिक्षण आणि स्थलांतर यांचे धागे एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे त्यातले नेहमीचे प्रश्न. या वर्गातल्या अभ्यासाला जोड असते ती दुसऱ्या देशात काही आठवडे किंवा एखादे सत्र राहण्याची. या दोन्ही गोष्टी आता एकाच अभ्यासक्रमात नांदत असल्या तरी त्यांची कुळे वेगळी आहेत.

पहिले कूळ साम्राज्यांच्या अस्ताचे. नेदरलँड्सने १९४९ मध्ये इंडोनेशियाचे स्वातंत्र्य मान्य केले आणि वसाहतीचा कारभार पाहणारे अधिकारी घडवण्याची तिथल्या विद्यापीठांतली जुनी गरज संपली. परमुलखाविषयीचे ज्ञान आणि ते शिकवणारे प्राध्यापक मात्र शिल्लक होते. डच विद्यापीठांनी मिळून १९५२ मध्ये हेग इथे इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज ही संस्था काढली आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतले अधिकारी व अभ्यासक तिथे शिकायला येऊ लागले. तिचे सुरुवातीचे बिऱ्हाड नूर्डआइंडे या राजवाड्यात होते; दारिद्र्याच्या अभ्यासाला लाभलेली ही जागा जरा विचित्रच म्हणायची. ब्रिटनमध्येही वसाहतींच्या अधिकाऱ्यांसाठी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये चालणारे वर्ग नाव व रूप बदलून विकासाच्या अभ्यासात मिसळले. ससेक्स विद्यापीठाच्या आवारात १९६६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज उभी राहिली, ती या विषयाची सर्वांत प्रभावी संस्था ठरली.

तिचे पहिले संचालक डडली सीअर्स. १९६९ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या एका जागतिक परिषदेत त्यांनी विकासाच्या रूढ मोजमापालाच आव्हान दिले. देशाचे उत्पन्न किती वाढले एवढे विचारून भागणार नाही. दारिद्र्याचे काय झाले, बेकारीचे काय झाले, विषमतेचे काय झाले, हे विचारले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आज ते सहज पटते. पण तोवर हा विषय मुख्यतः भांडवल आणि उत्पादनाच्या आकड्यांभोवती फिरत होता.

दुसरे कूळ सरळ माणसांच्या गाठीभेटींतून आले. अमेरिकेतल्या डोनाल्ड वॉट यांनी १९३२ मध्ये ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला. तरुणांनी परदेशात जाऊन इमारती पाहत हिंडण्याऐवजी तिथल्या कुटुंबात राहावे, ही त्यामागची कल्पना. या उपक्रमात तरुणपणी सामील झालेले सार्जंट श्रायव्हर पुढे १९६१ मध्ये पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवकांना परदेशी पाठवणाऱ्या सरकारी संस्थेचे पहिले संचालक झाले. याच उपक्रमातून १९६४ मध्ये व्हर्माँट राज्यात स्कूल फॉर इंटरनॅशनल ट्रेनिंग निघाले. यजमान कुटुंब, स्थानिक भाषा आणि शेवटी स्वतंत्र शोधप्रकल्प हा आजच्या परदेश-सत्रांचा साचा या परंपरेत घडला.

हा साचा पुण्याने जवळून पाहिला आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या कार्लटन, ग्रिनेल, बेलॉइट यांसारख्या छोट्या महाविद्यालयांच्या संघाने १९६९ मध्ये पुण्यात भारत-अभ्यासाचा कार्यक्रम सुरू केला आणि तो अनेक वर्षे चालला. विद्यार्थी पुणेरी घरांत राहत, मराठी शिकत आणि आपापल्या विषयावर शोधनिबंध लिहीत. कार्लटनमध्ये इतिहास शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट या कार्यक्रमाशी निगडित होत्या, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवरचे त्यांचे काम महाराष्ट्रात परिचित आहे. मराठीच्या अध्यापनाची बाजू सांभाळणाऱ्या मॅक्सीन बर्नसन फलटणला स्थायिक झाल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि तिथे मुलांची शाळा उभी केली. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी अमराठी लोकांसाठी लिहिलेली मराठीची पुस्तके परदेशी विद्यार्थ्यांच्या हाती वर्षानुवर्षे राहिली. अशा कार्यक्रमाचे खरे मोल एखाद्या सत्रात मिळालेल्या गुणांत नसते. त्यातून थोडीच माणसे आयुष्यभर त्या प्रदेशाशी बांधली जातात, पण त्यांचे काम टिकते.

परक्या ठिकाणी राहताना मनाचे काय होते, याचाही अभ्यास झाला आहे. कालेर्वो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये ‘कल्चर शॉक’चे टप्पे मांडले. आधी सगळ्याचे अप्रूप. मग चीड आणि घराची ओढ. त्यानंतर हळूहळू सावरणे आणि अखेर रुळणे. त्याआधी १९५५ मध्ये स्व्हेरे लिसगार यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहिलेल्या नॉर्वेजियन लोकांची पाहणी केली होती. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले दिसले. मधल्या काळातले सर्वांत अस्वस्थ होते. नंतरच्या संशोधनात हा आलेख सगळ्यांना सारखा लागू पडला नाही. तरी दोन-तीन आठवड्यांच्या दौऱ्याबद्दल त्यातून एक शंका घ्यायला जागा आहे. अप्रूप ओसरायच्या आतच विद्यार्थी विमानात बसलेला असतो आणि आपल्याला तो देश कळला, असे त्याला मनापासून वाटत असते.

यावरची सर्वांत तिखट टीका १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे झाली. सेवेसाठी खेड्यांत जायला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर इव्हान इलिच या विचारवंत धर्मगुरूने भाषण केले. तुम्हाला त्या लोकांची भाषा येत नाही, तुमच्या कामाबद्दल ते तुम्हाला काय म्हणतात हेही तुम्हाला कळणार नाही. तेव्हा पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्याचा आशय होता. गंमत अशी, की हेच भाषण आता अनेक विद्यापीठांत परदेशी जाण्यापूर्वीच्या तयारीत वाचायला देतात. ते वाचून विद्यार्थी जातातच.

ससेक्सच्या संस्थेतले रॉबर्ट चेंबर्स यांनी ही टीका तज्ज्ञांपर्यंत नेली. ते एके काळी केनियात ब्रिटिश प्रशासनात अधिकारी होते, त्यामुळे साहेबी दौरा कसा असतो हे त्यांना आतून ठाऊक होते. १९८३ च्या पुस्तकात त्यांनी ग्रामीण भागाच्या धावत्या भेटींतले दोष उलगडले. पाहुणा डांबरी रस्त्यालगतच्या गावात जातो, आतल्या वाडीवर जात नाही. तो पावसाळा टाळतो, म्हणजे धान्य संपलेले, आजारपण वाढलेले आणि शेतातले काम अंगावर आलेले असे गरिबांचे सर्वांत कठीण दिवस नेमके त्याच्या नजरेतून सुटतात. तो पुरुषांशी आणि गावच्या पुढाऱ्यांशी बोलतो. जिथे एखादा प्रकल्प चालू आहे तेच गाव त्याला दाखवले जाते. वहीपेन घेऊन खेड्यात गेलेल्या कुणालाही ही यादी स्वतःला लावून पाहता येते.

चेंबर्स यांनी नुसते दोष दाखवले नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदीच्या सुरुवातीला ते भारतात होते. कर्नाटक, गुजरात अशा राज्यांतल्या स्वयंसेवी संस्थांबरोबर सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाची पद्धत तेव्हा आकाराला आली. गावकरी अंगणात जमिनीवर रांगोळीने किंवा रंगीत पुडीने आपल्या गावाचा नकाशा काढतात, घरे, विहिरी, पडीक जमीन दाखवतात आणि कोणते घर किती अडचणीत आहे हे बियांचे ढीग करून सांगतात. अक्षरओळख नसलेली बाई इथे माहिती देणारी नसते, विश्लेषण करणारी असते. ही पद्धत पुढे जगभरच्या विकास-अभ्यासक्रमांत शिरली. पुष्कळ ठिकाणी तिचाही दुपारभराचा उपचार झाला, हेही खरे.

गेल्या काही दशकांत शिकवणाऱ्या संस्थाच दक्षिणेकडे सरकल्या आहेत. ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात अनेक देशांचे विद्यार्थी एकत्र बसतात आणि बांगलादेशच्या गावांत व वस्त्यांत काम करतात. महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आले होते. आता परदेशी विद्यापीठांचे विद्यार्थी उलट दिशेने जामखेडला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्य कार्यकर्त्याही असतात. यांतल्या बऱ्याच जणी दलित किंवा गरीब घरांतल्या, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या. बाळंतपण, कुपोषण, कुष्ठरोगाविषयीची भीती, हे विषय त्या स्वतः हाताळलेल्या अनुभवातून मांडतात. विद्यार्थी दुभाष्यामार्फत ऐकतात आणि टिपणे घेतात.

पैशाचा तोल मात्र अजून जुन्याच बाजूला झुकलेला आहे. युरोपातल्या पदवीचे शुल्क आणि राहण्याचा खर्च भारतातल्या किंवा आफ्रिकेतल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीशिवाय क्वचितच परवडतो. १९५९ मध्ये ठरलेल्या राष्ट्रकुल शिष्यवृत्तीसारख्या योजनांवर त्यांची भिस्त असते. व्हिसा मिळवण्याची कटकटही त्यांच्याच वाट्याला अधिक येते. उत्तरेकडून दक्षिणेत येणाऱ्या विद्यार्थ्याला श्रेयांक, विमा आणि परतीचे तिकीट आधीच मिळालेले असते. त्याच्या शोधनिबंधाची प्रत ज्या गावात तो राहिला तिथे, तिथल्या भाषेत, पोचवण्याची अट फार थोड्या अभ्यासक्रमांत आहे.