प्लास्टरच्या आत काय चालते?

आम्ही डॉक्टर नव्हे. चाळींतून आणि इस्पितळांच्या व्हरांड्यांतून जे शिकलो, तेवढेच सांगतो. आमच्या एका सोबत्याचा हात यंत्रात मोडला. प्लास्टर घालून त्याला घरी पाठविले. रात्री तो कळवळू लागला. "हाड मोडले म्हणजे दुखायचेच," असे म्हणून आम्ही त्याला धीर दिला. त्या धीरापायी त्याची बोटे कायमची आखडली.

असे का व्हावे? मोडलेल्या हाडाभोवतीचे स्नायू सुजतात. प्लास्टर मात्र ताणत नाही. आत दाब वाढतो, रक्त पोचेनासे होते आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ सालीच हे दाखविले होते.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर उंच ठेवावा, बोटे वरचेवर हलवावीत. प्लास्टर भिजवू नये. खाज सुटली तरी आत काडी घालू नये. परंतु औषध देऊनही दुखणे वाढत गेले, बोट सरळ करताच जीव कासावीस झाला, बोटे बधिर, गार वा निळी पडली, तर सकाळची वाट पाहू नये. नाडी लागते म्हणून निश्चिंतही राहू नये. हात छातीच्या पातळीवर आणून तडक इस्पितळ गाठावे. तेथे प्लास्टर व आतला कापूस चिरून दाब उतरवितात. प्रसंगी शस्त्रक्रिया करतात.

सोबत्याला नुकसानभरपाई आम्ही झगडून मिळवून दिली. त्याची मूठ मात्र परत मिळवून देता आली नाही.