उरोस्थिछेदनानंतरची वेदना

बायपास शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेला रुग्ण छातीच्या मध्यभागी दुखते म्हणून आपल्याकडे तेल मागावयास येतो. हे दुखणे केवळ वातप्रकोप मानून अभ्यंग-स्वेदन सुरू करणे आम्हांस धोक्याचे वाटते.

या शस्त्रक्रियेत उरोस्थी उभी छेदून शेवटी पोलादी तारांनी बांधली जाते. सुश्रुतोक्त भग्नचिकित्सेतील आंछन, पीडन, संक्षेप व बंधन यांपैकी बंधनाचेच हे रूप होय. हाड सांधण्यास साधारणतः ६ ते ८ आठवडे, तर पूर्ण बळकटीस ३ महिने वा अधिक काळ लागतो. या काळात दिवसागणिक उणावणारी वेदना स्वाभाविक आहे. परंतु खोकताना वा कुशीवर वळताना छातीत 'कट्' असा आवाज, हाडाच्या कडा हलल्याची जाणीव, पुन्हा वाढणारी वेदना, जखमेतून स्राव वा ज्वर ही उरोस्थी अस्थिर झाल्याची किंवा जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. मधुमेह, स्थौल्य, धूम्रपान व जीर्ण कास असणाऱ्यांत हा धोका अधिक. अशा रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

इतरांस खोकताना उशी छातीशी घट्ट धरण्यास व जड वस्तू न उचलण्यास सांगावे. शल्यचिकित्सकाच्या अनुमतीवाचून छातीवर मर्दन करू नये. औषधविक्रेत्यांनी लाक्षादि गुग्गुळ देण्यापूर्वी रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेतो काय, हे अवश्य विचारावे. गुग्गुळाने रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते.